टर्नटेबलचा आवाज बारीक, मागे घूं, एक स्पीकर मधूनच बंद: नवीन ॲम्प घेण्याआधी हे करून बघा

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला कळलं ते असं: बाबांनी ऐंशीच्या दशकात दुबईहून आणलेला जपानी टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड प्लेअर, बरीच वर्षं कपाटावर पडून होता, ते गेल्यावर तुम्ही तो खाली काढला, एक नवा ब्लूटूथवाला ॲम्प (ॲम्प्लिफायर) आणि दोन स्पीकर आणले, आणि टर्नटेबलच्या लाल-पांढऱ्या पिना ॲम्पच्या ऑक्समध्ये, म्हणजे बाहेरचं यंत्र जोडायच्या साध्या सॉकेटमध्ये, लावल्या. आता व्हॉल्यूम पूर्ण फिरवला तरी आवाज बारीक आणि पत्र्यासारखा येतो, मागे सतत घूं चालू असतं, सुईच्या आर्मला (दांडीला) हात लावला की ते घूं बदलतं, आणि उजवा स्पीकर मधूनच बंद पडतो. टर्नटेबलमधून एक सुटी बारीक वायर लोंबतेय, ती कुठे लावायची ते कळत नाहीये. दुकानदार म्हणाला की ॲम्पची पॉवर कमी पडते, मोठा घ्या, आणि एवढ्या जुन्या रेकॉर्डमध्ये आता काही राहिलेलं नसतं. म्हणून तुम्ही विचारताय की पंचवीस हजारांपर्यंत कुठला ॲम्प घ्यावा.

सध्या कुठलाच घेऊ नका. पुण्यात गेली अठ्ठावीस वर्षं मी ही मशिनं दुरुस्त करतोय आणि तुमची तक्रार माझ्याकडे जवळपास याच शब्दांत महिन्यातून दोनदा तरी येते. तुम्हाला हा एक बिघाड वाटतोय पण हे तीन वेगवेगळे बिघाड आहेत, बारीक आवाजाचं कारण वेगळं, घूंचं वेगळं आणि उजव्या स्पीकरचं वेगळं, आणि या तिन्हीत ॲम्पच्या वॉटचा काहीच संबंध नाही. एकाच उपायाने तिन्ही जातील या आशेने माणूस पैसे घालत जातो आणि शेवटी वैतागून टर्नटेबल भंगारात देतो, ते मला बघवत नाही म्हणून जरा लांबलचक लिहितोय.

आधी बारीक आवाज. सुई रेकॉर्डच्या खाचेतून फिरते तेव्हा ती ज्यात बसवलेली असते त्या कार्ट्रिजमध्ये वीज तयार होते ती अगदी नगण्य, मूव्हिंग मॅग्नेट म्हणजे एमएम जातीच्या कार्ट्रिजमध्ये साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट. तुमच्या ॲम्पच्या ऑक्सला पूर्ण आवाज द्यायला लागतात अंदाजे २०० मिलिव्होल्ट. म्हणजे पन्नासेक पट कमी. डेसिबलमध्ये मोजलं तर हा फरक ३४ डेसिबलच्या आसपास जातो, आणि ॲम्पचे वॉट दुप्पट केले, ४० चे ८० केले, तर पदरात पडतात फक्त ३ डेसिबल. आता तुम्हीच बघा, मोठा ॲम्प घेऊन काय हाती लागणार होतं.

आणि नुसतं वाढवूनही भागत नाही, इथे लोक फसतात. रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम दाबलेला असतो कारण तो आहे तसा कापला तर खाच इतकी रुंद होईल की एका बाजूला वीस मिनिटं मावणारच नाहीत, आणि वरचे सूर मुद्दाम चढवलेले असतात म्हणजे वाजवताना ते परत खाली आणले की त्यांच्याबरोबर रेकॉर्डची खरखरही खाली जाते. हे किती दाबायचं किती चढवायचं याचं एक ठरलेलं माप आहे, त्याला आरआयएए कर्व्ह म्हणतात, १९५४ पासून ते पाळलं जातं, आणि दोन्ही टोकांना फरक जवळजवळ २० डेसिबलचा, म्हणजे दहा पट असतो. हे उलटं करून मूळ आवाज परत देणारं सर्किट म्हणजे फोनो स्टेज. ते मध्ये नसेल तर तुम्हाला ऐकू येतं ते अर्धवट गाणं, डग्गा गायब, तंबोऱ्याचा भरणा गायब, झांज मात्र कानात टोचते. तुम्ही लिहिलेलं पत्र्यासारखं ते हेच. रेकॉर्ड मेलेली नाहीये, तिचा अर्थ लावणारं सर्किट मध्ये नाहीये.

जुन्या ॲम्पना मागे फोनो नावाची वेगळी सॉकेट असायची, त्यात हे सर्किट आतच असतं. हल्लीच्या बऱ्याच स्वस्त ॲम्पमध्ये ते नसतं. तेव्हा तुम्हाला हवाय एक छोटा फोनो प्रीॲम्प, काडेपेटीच्या दोन-चार पट आकाराचा डबा, काही हजारांत मिळतो, टर्नटेबल आणि ऑक्सच्या मध्ये बसतो. घेताना एवढं बघा की त्यावर एमएम लिहिलेलं असावं, इनपुट ४७ किलोओहमचा असावा, आणि मागे जीएनडी लिहिलेला स्क्रू असावा. तो स्क्रू का ते पुढे सांगतो.

आता थोडं जर-तर. तुम्ही मॉडेल नंबर दिला नाहीये त्यामुळे कार्ट्रिज एमएम आहे हे मी काळावरून आणि जपानी आहे यावरून धरतोय, बहुतेक बरोबर असेल. पण तो मूव्हिंग कॉइल म्हणजे एमसी निघाला तर त्याचं आउटपुट अर्ध्या मिलिव्होल्टच्या आतबाहेर असतं आणि त्याला वेगळा, जास्त गेनवाला, म्हणजे सिग्नल जास्त वाढवणारा प्रीॲम्प लागतो. आणि हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाकडे एचएमव्ही फिएस्टासारखा पेटीतला प्लेअर असेल तर त्यात सहसा सिरॅमिक किंवा क्रिस्टल कार्ट्रिज असतो, तो शेकडो मिलिव्होल्ट देतो, त्याला फोनो प्रीॲम्प लावायचा नाही, लावलात तर आवाज फाटून येईल. ओळखायची खूण म्हणजे अशा बऱ्याच कार्ट्रिजना सुई उलटी फिरवायची छोटी दांडी असते, एका बाजूला एलपीची सुई, दुसऱ्या बाजूला ७८ ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांची.

याच्या उलट चूकही रोज बघतो. हल्लीच्या नव्या टर्नटेबलमध्ये, उदाहरणार्थ ऑडिओ-टेक्निका एलपी६०एक्स, प्रीॲम्प आतच असतो आणि मागे फोनो/लाइन असा खटका असतो. तो लाइनवर ठेवून पिना ॲम्पच्या फोनोत लावल्या की दोन फोनो स्टेज एकामागे एक लागतात, खर्ज नुसता घुमतो आणि गायकाचा आवाज फाटतो. पूर्ण साखळीत फोनो स्टेज एकच हवी, शून्यही नको, दोनही नकोत.

आता घूं. आर्मला हात लावल्यावर घूं बदलतं असं तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत, त्यावरून नव्वद टक्के निदान होतं. ती लोंबणारी बारीक वायर म्हणजे टर्नटेबलची ग्राउंड वायर. आर्म आणि मोटरचा धातूचा भाग ॲम्पच्या बॉडीशी जोडणं एवढंच तिचं काम. ती सुटी असली की आर्म अँटेना होतो आणि घरातल्या वायरिंगची ५० हर्ट्झची गुणगुण पकडतो, ती मिलिव्होल्टच्या सिग्नलबरोबर वाढून स्पीकरमधून येते. फोनो प्रीॲम्पच्या जीएनडी स्क्रूला ती लावायची. प्रीॲम्प येईपर्यंत खात्री करायची असेल तर ॲम्पचं बटण बंद करा, प्लग काढा, ॲम्पच्या मागच्या पत्र्याचा एखादा बाहेरचा स्क्रू अर्धा फेरा सैल करून वायरचं टोक त्याखाली दाबा, परत चालू करून ऐका. घूं एकदम बसलं तर ती तक्रार तिथेच संपली. (काही टर्नटेबलना, रेगासारख्या, ही वेगळी वायर नसतेच, त्यांचं ग्राउंड पिनेच्या वायरमधूनच जातं, तेव्हा नसेल तर शोधत बसू नका.)

वायर लावूनही राहिलं तर मग शोध घ्यावा लागतो, आणि इथे माझा एकच नियम आहे, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. ॲम्पच्या मागच्या सगळ्या पिना काढा, फक्त स्पीकर ठेवा, व्हॉल्यूम नेहमीच्या जागी. तरी घूं येतंय? मग ॲम्पमध्येच दोष. नाही येत? मग एकेक पिन लावत जा, ज्या पिनेला येईल तिथे गुन्हेगार. माझ्याकडे धायरीच्या एका काकांचा ॲम्प तीन वेळा आला, माझ्या टेबलावर दर वेळी ठणठणीत, शेवटी घरी गेलो तर सेट-टॉप बॉक्सचा आवाजही त्याच ॲम्पला जोडलेला, आणि केबल टीव्हीच्या वायरीतून कुठलं तरी दुसरंच ग्राउंड घरात येत होतं. केबलची जाड वायर बॉक्समधून काढली आणि खोली शांत. काका क्षणभर टीव्हीकडेच बघत राहिले.

आवाजाचा पोतही ऐका. मऊ, खोल घूं असेल तर ग्राउंड किंवा ट्रान्सफॉर्मर. टर्नटेबल ॲम्पच्या डोक्यावर ठेवलाय का? मग आर्म आत सरकत जाईल तसं घूं कमीजास्त होईल, दोन फूट बाजूला ठेवा. पण झर्र असा खरखरीत आवाज असेल तर पंख्याचा रेग्युलेटर बघा, सलग फिरणारा जुना इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर असेल तर तो मधल्या स्पीडला भयंकर त्रास देतो, पंखा पूर्ण स्पीडवर किंवा बंद केला की झर्र जातं. स्टेप-स्टेपचे कपॅसिटरवाले रेग्युलेटर हा त्रास देत नाहीत. आणि व्हॉल्यूम वाढवल्यावर घुमणारा आवाज आपोआप चढत चढत जाऊन ऊं करून किंचाळत असेल तर ते विजेचं काहीच नाही, स्पीकरची थरथर टेबलातून सुईपर्यंत पोचतेय. स्पीकर आणि टर्नटेबल एकाच टेबलावर कधीच ठेवू नका. शक्य असेल तर टर्नटेबल भिंतीतल्या फडताळात ठेवा, जुन्या वाड्यांच्या जाड भिंतीतली फडताळं यासाठी फार उत्तम.

अर्थिंगबद्दल मात्र हात जोडून सांगतो. तीन पिनांचा प्लग असेल तर घूं घालवायला अर्थची जाड पिन कापू नका, टेप गुंडाळू नका, दोन पिनांचा अडॅप्टर लावू नका. असं केलेला एक ॲम्प माझ्याकडे आला होता, घूं खरंच गेलं होतं, पण काही महिन्यांनी आतल्या ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलं आणि बॉडीत करंट उतरला, घरातल्या बाईंना चांगलाच झटका बसला, नशिबाने निभावलं. धातूच्या भागाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर गाणं बाजूला ठेवा आणि आधी इलेक्ट्रिशियनकडून सॉकेटचं अर्थिंग मीटर लावून तपासून घ्या, नुसत्या टेस्टरवर जाऊ नका.

इथपर्यंत थोडक्यात: बारीक आवाजाला फोनो प्रीॲम्प, घूंला ती लोंबणारी वायर. आता राहिला उजवा स्पीकर.

मधूनच बंद होणं म्हणजे कुठेतरी संपर्क सुटतोय. कुठे ते शोधायला एकही हत्यार लागत नाही. ॲम्प बंद करा, ऑक्समधल्या लाल आणि पांढऱ्या पिनांची अदलाबदल करा, परत वाजवा. आता डावा स्पीकर बंद पडायला लागला तर दोष पिनेच्या अलीकडे, म्हणजे टर्नटेबलमध्ये. उजवाच बंद पडत राहिला तर दोष ॲम्प, स्पीकर किंवा त्यांच्यामधल्या वायरीत. एवढ्या एका चाचणीने अर्धं सामान संशयातून सुटतं.

माझा अंदाज, दोष टर्नटेबलमध्ये निघेल, आणि तोही हेडशेलमध्ये. हेडशेल म्हणजे आर्मच्या टोकाचा तो भाग ज्याला कार्ट्रिज लावलेला असतो, बऱ्याच जपानी आर्मवर तो कड्याने घट्ट होतो. कडं सैल करून तो पुढे ओढा, मागे चार बारीक पिना दिसतील, इतक्या वर्षांत त्या काळ्या पडलेल्या असतात. शाळेतल्या पेन्सिलचं साधं मऊ खोडरबर घ्या, हलक्या हाताने पुसा, रबराचा चुरा फुंकून टाका, परत बसवा. कार्ट्रिजमागच्या चार वायरींचे रंगही बघून घ्या, पांढरी आणि निळी डाव्याच्या, लाल आणि हिरवी उजव्याच्या, तुमच्या केसमध्ये लाल किंवा हिरवी सैल असणार. चिमट्याने धरून अगदी जपून आत सरकवा, या वायरी केसासारख्या असतात आणि तुटल्या की काम वाढतं. कार्ट्रिज प्लगसारखा सरळ आत जाणारा असेल, त्याला टी४पी म्हणतात, तर या चार वायरी नसतीलच, कार्ट्रिजच्याच चार पिना पुसायच्या.

हे सगळं होईल, आवाज येईल, घूं जाईल आणि तुम्हाला वाटेल आता बसून बाबांच्या सगळ्या रेकॉर्ड ऐकाव्या. तिथे थांबा. माझ्या दृष्टीने तुमच्या पंचवीस हजारांतला पहिला खर्च प्रीॲम्पवरही नाही, तो सुईवर आहे. हिऱ्याची सुई साधारण ५०० ते १००० तास चालते असं आम्ही धरतो, एक बाजू वीस मिनिटांची धरली तर ५०० तास म्हणजे दीड हजार बाजू, रोज एक रेकॉर्ड दोन्ही बाजूंनी ऐकणाऱ्या माणसाची दोन वर्षं. बाबांनी शेवटची सुई कधी बदलली हे आता विचारता येणार नाही. आणि हिरा शाबूत असला तरी ती सुई ज्या रबराच्या बारीक कडीवर तोललेली असते ते रबर चाळीस वर्षांत कडक होतं, मग सुई खाचेत वळत नाही, खाच कुरतडत जाते. झिजलेल्या सुईने एकदा खाच कापली की ते गाणं कायमचं गेलं, कितीही महाग ॲम्प लावलात तरी परत येत नाही. तुम्ही लिहिलंय की नाट्यसंगीताच्या बऱ्याच रेकॉर्ड आहेत, त्यातल्या काही आज कुठेही परत मिळणार नाहीत, तर त्या तपासणीसाठी वापरू नका, रद्दीवाल्याकडून एखादी बिनकामाची एलपी घ्या आणि सगळे प्रयोग तिच्यावर करा.

आर्मचं वजनही नव्याने लावून घ्या. मागचं वजन फिरवून आर्म हवेत आडवा तरंगेल असा करा, तिथे आकड्यांची चकती शून्यावर आणा, मग कार्ट्रिजच्या कंपनीने सांगितलेल्या ग्रॅमवर. ऑडिओ-टेक्निकाचा व्हीएम९५ई असेल तर २ ग्रॅम, ऑर्टोफोनचा टूएम रेड असेल तर १.८, टी४पी असेल तर १.२५. अँटीस्केट, म्हणजे आर्मची आत ओढ रोखणारी चकती, तीही त्याच आकड्यावर. कमी वजन रेकॉर्डला बरं असं बऱ्याच जणांना वाटतं पण ते उलट आहे, कमी वजनाला सुई खाचेत उड्या मारते आणि भिंती ठोकरत जाते.

बाबांच्या रेकॉर्डमध्ये ७८ च्या जड, ठिसूळ तबकड्याही असतील तर त्या एलपीच्या सुईने वाजवू नका, त्यांची खाच बरीच रुंद असते, तिला ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई लागते आणि एलपीची असते ०.७ मिलच्या आसपास, ती तळाशी घसरत राहते. पावसाळ्यात धरलेली बुरशी काढायला एलपीला डिस्टिल्ड पाणी आणि त्यात लिक्विड सोपचे दोन थेंब, मऊ कापड, मधलं लेबल कोरडं ठेवून. ७८ ला अल्कोहोल असलेलं काहीही लावायचं नाही, त्या लाखेच्या असतात आणि अल्कोहोलमध्ये लाख विरघळते.

व्होल्टेजबद्दल: तुमचा दुबईचा आहे म्हणजे ५० हर्ट्झचाच असणार, तरी मागचं लेबल वाचा, काहींना व्होल्टेजचा खटका असतो आणि तो ११० वर राहिलेला असेल तर २३० ला लावताच मोटर किंवा ट्रान्सफॉर्मर जळेल. हे अमेरिकेतून आणणाऱ्यांनी जास्त लक्षात ठेवावं. ठाण्याच्या एका बाईंचा भाऊ न्यू जर्सीहून बेल्टवाला टर्नटेबल घेऊन आला, त्यांनी स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर नीट लावला, आवाज सुंदर, पण त्या स्वतः गाणं शिकलेल्या, म्हणाल्या की काळी एकमधलं गाणं खाली काळी पाचवर येतंय, असं कसं? कारण ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. ६० हर्ट्झवर बेतलेली एसी सिंक्रोनस मोटर ५० वर पाच-षष्ठांश वेगाने फिरते, ३३⅓ च्या जागी जेमतेम २८ फेरे, आणि सूर तीन पट्ट्या उतरतो. मोटरवरची पुली बदलून काम झालं. डीसी मोटरवाल्यांना किंवा क्वार्ट्झ लॉकवाल्यांना हा प्रश्न येत नाही.

शेवटचा मुद्दा. प्रश्नाच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात की बाबांचा मूळ ॲम्प माळ्यावर आहे आणि दुकानदार तो ‘एक्स्चेंज’मध्ये घेतो म्हणाला. देऊ नका. त्या काळचा स्टिरिओ ॲम्प असेल तर बहुतेक त्याला फोनोची सॉकेट आणि जीएनडीचा स्क्रू दोन्ही असतील, म्हणजे प्रीॲम्पचा खर्चही वाचेल, आणि बाबांनी टर्नटेबल त्यालाच जोडून ऐकलेला असणार. फक्त तो थेट प्लगला लावून चालू करू नका. इतकी वर्षं पडलेल्या ॲम्पचे कपॅसिटर सुकलेले असतात. जुन्या पद्धतीच्या मेकॅनिककडे न्या जो सिरीज बोर्डवर, म्हणजे मध्ये १०० वॉटचा पिवळा फिलामेंटचा बल्ब टाकून तो चालू करेल, आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि ॲम्प वाचतो. नॉब फिरवताना खरखर आली तर कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते. आणि सगळं ठीक असून आवाज येत नसेल तर आधी पुढचं टेप मॉनिटरचं बटण बघा, ते दाबलेलं राहिलं की ॲम्प टेपची वाट बघत बसतो, फोनोचा आवाज देतच नाही. या एका बटणापायी लोक नाशिकहून पुण्याला ॲम्प घेऊन आलेले आहेत.

तर आज बाबांच्या कुठल्याच रेकॉर्डवर सुई टेकवू नका. कार्ट्रिजचा समोरून आणि बाजूने, टर्नटेबलच्या मागच्या लेबलचा, आणि माळ्यावरच्या ॲम्पच्या मागच्या बाजूचा, असे चार फोटो उजेडात काढून पाठवा. सुई कुठली लागेल आणि प्रीॲम्प घ्यायचा की नाही हे त्यावरून मी नक्की सांगू शकेन.